मी काहीच केलं नाही तरी पहिल्यावरून तिसऱ्यावर! फँटसी हॉकीत दुसऱ्यांच्या ट्रेडनं आपला नंबर कसा काय जातो?

होटगीरोडवाला
नमस्कार मंडळी. आत्ताच गड्ड्याच्या जत्रेवरून आलो, पायाचे तुकडे पडलेत पण झोप येईना, म्हणून हा धागा काढतोय.

आमची शाळेतल्या मित्रांची फँटसी हॉकी लीग आहे, म्हणजे खरे खेळाडू कागदावर आपल्या टीममध्ये घ्यायचे आणि खऱ्या मॅचमधल्या त्यांच्या आकड्यांवर पॉइंट मिळवायचे. बर्फावरची हॉकी, अमेरिका-कॅनडातली एनएचएल लीग. आमच्यातला एक जण कॅनडात एडमंटनला गेला आणि त्यानं आम्हा सगळ्यांना नाद लावला. दहा टीम आहेत, सहा सोलापुरात, दोन पुण्यात, दोन कॅनडात. रोटिसरी पद्धतीनं खेळतो. दहा कॅटेगरी: गोल, असिस्ट (गोल करून देणारा पास), प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना साधारण मारलेले वजा खाल्लेले गोल), पॉवरप्ले पॉइंट, शॉट, हिट (धडका), ब्लॉक (अंगावर अडवलेले शॉट), आणि गोलकीपरचे तीन, म्हणजे जिंकलेल्या मॅच, सेव्ह टक्केवारी आणि खाल्लेल्या गोलांची सरासरी. प्रत्येक कॅटेगरीत सीझनच्या एकूण आकड्यांवर पहिल्याला 10, दुसऱ्याला 9, असं करत शेवटच्याला 1.

नाताळच्या आधी मी 74 वर पहिला होतो. दुसरा 72, तिसरा 71. तेवढ्यात तिसऱ्यानं सातव्याबरोबर ट्रेड केला, आपला भारी गोल मारणारा विंगर दिला आणि एक चांगला गोली (गोलकीपर) घेतला. मी हसलो, म्हणलं चला, याचा एक हात गेला. आता तीन आठवड्यांनी तो 76, मधला 72 वर तसाच, आणि मी 71! माझी टीम तीच, माझे खेळाडू तसेच खेळलालेत, एकपण जखमी नाही. मग माझे तीन पॉइंट गेले कुठं? आणि असले ट्रेड अडवायला पाहिजेत की नको?

(नावं मुद्दाम घेत नाही, ते दोघंपण इथं वाचतात.)

कडक भाकरी
तीन पॉइंट गड्ड्यावरच्या पाळण्यात पडले असतील, शोध बे 😄

जुना सेंटर हाफ
हॉकी वाचून मोठ्या आशेनं धागा उघडला. मी पार्क मैदानावर खेळलेला माणूस आहे. 1975 ला क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकला तेव्हा रेडिओला कान लावून बसलेलो. ही बर्फावरची वेगळीच भानगड दिसतेय. पण हा पॉवरप्ले पॉइंट म्हणजे काय ते सांगा कुणीतरी, क्रिकेटमधलाच का?

एडमंटनकर सोलापूरकर
काका, नमस्कार. बर्फावर एका वेळी एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोली असतो. कुणी फाऊल केला की त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात, मग समोरचे पाच आणि हे चार. ती दोन मिनिटं म्हणजे पॉवरप्ले. तेव्हा गोल मारला किंवा पास दिला तर तो पॉवरप्ले पॉइंट. आपल्याकडं पेनल्टी कॉर्नर मिळाला की मैदान कसं एकदम गप्प होतं, तसलंच वातावरण असतं.

आणि होटगीरोडवाल्या, तुझं उत्तर मला माहितीय पण मी लीगचा कमिशनर आहे, ट्रेड मीच पास केलाय, म्हणून आधी बाकीच्यांना बोलू देतो.

तानाबाना
मी सुताच्या धंद्यातला माणूस, हॉकीतलं एवढं कळत नाही, पण पोरगा खेळतो म्हणून दोन वर्षं हे आकडे बघतोय. होटगीरोडवाले, एक हिशोब करा. एका कॅटेगरीत 10 पासून 1 पर्यंत बेरीज किती? 55. दहा कॅटेगरीचे मिळून 550. लीगमध्ये कुणी कायपण करो, हे 550 वाढत नाहीत आणि कमीपण होत नाहीत. तेव्हा कुणाचे पाच वाढले की ते दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातूनच जाणार. तुमच्या खिशातून तीन गेले, बाकीचे इतरांच्या.

माल विकून जागा मोकळी करणारा आणि माल दाबून बसणारा, यात फरक असतो. त्या तिसऱ्याकडं गोलांचा माल गोदामात पडून होता का ते बघा.

होटगीरोडवाला
अण्णा, होता! गोलात तो पहिला होता आणि दुसऱ्यापेक्षा 19 गोल पुढं.

तानाबाना
मग झालं. 19 नं पुढं असला तरी 10 च पॉइंट, 1 नं पुढं असला तरी 10 च. वरचे 18 गोल त्याच्या काहीच कामाचे नव्हते. सीझनच्या शेवटाला त्याचं कुणी काय देणार नाही. त्यानं ते विकले.

पार्क चौक
अण्णांनी मुद्द्याला हात घातला, त्यात थोडी भर घालतो कारण इथं नवीन माणसाची नेहमी गल्लत होते. रोटिसरीत ट्रेड केला की आधी जमा झालेले गोल जुन्या मालकाकडंच राहतात. विंगर गेला, पण त्यानं डिसेंबरपर्यंत मारलेले गोल गेले नाहीत. ट्रेड होतो तो फक्त पुढच्या दिवसांचा. म्हणजे तुमचा तिसरा गोलात खाली आला नाही, फक्त त्याची आघाडी आता हळूहळू कमी होणार. 19 ची आता किती राहिलीय बघा.

होटगीरोडवाला
11.

पार्क चौक
बघा. तीन आठवड्यात 8 गेले, तरीपण 10 पॉइंट शाबूत. ट्रेड कधी केला याला म्हणून एवढं महत्त्व आहे. एनएचएलमध्ये 2025-26 च्या सीझनला एका टीमच्या 82 मॅच. ऑक्टोबरात ट्रेड केला तर जवळजवळ पूर्ण खेळाडू विकला, मार्चमध्ये केला तर खेळाडूचा शेवटचा तुकडा विकला. आत्ता 35 च्या आसपास मॅच राहिल्यात, म्हणजे अजून अर्ध्याला जरा कमी खेळाडू शिल्लक आहे. तुमच्या तिसऱ्यानं बहुतेक कागदावर भागाकार करूनच विंगर दिलाय, आघाडी 19, दर आठवड्याला अडीच-तीन कमी होणार, एप्रिलच्या मध्यापर्यंत किती आठवडे. थोडं कटाकटी होईल त्याचं, बहुतेक शेवटी पहिला नंबर जाईलपण, पण एक नंबर खाली आला तर एकच पॉइंट जाईल आणि गोलीनं पाच आणून दिलेत.

मावशी जुळे सोलापूर
मी यात नवीन आहे, मुलाबरोबर खेळते. रोटिसरी म्हणजे भाजलेली कोंबडी ना? हे नाव कुठून आलं?

रिपन हॉल
मावशी, बरोबर ओळखलंत. 1980 ला न्यूयॉर्कमध्ये काही जण एका फ्रेंच हॉटेलात जमायचे, त्या हॉटेलाचं नाव ला रोटिसरी फ्रँसेझ. त्यांनी बेसबॉलसाठी ही पद्धत काढली, डॅनियल ओक्रेंट म्हणून पत्रकार होता त्याची कल्पना. तिथून ती बाकीच्या खेळांत पसरली, हॉकीतपण आली.

मावशी जुळे सोलापूर
मग आपली लीग नव्या पेठेतल्या एखाद्या टपरीवर सुरू झाली असती तर भजी लीग म्हणले असते लोक 😀

हुरडा पार्टी
यात पैसे लागतात का? ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद झाले ना. माझा भाचा क्रिकेटवर टीम लावायचा, त्याचं बंद झालं ते बरंच झालं म्हणा.

एडमंटनकर सोलापूरकर
आमच्यात एक रुपयापण नाही, फीपण नाही. सीझन संपला की सगळे मिळून जेवतात, भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, आणि जिंकणाऱ्याच्या अंगावर एक सोलापुरी चादर टाकतात. मी कॅनडात बसून व्हिडिओवर बघतो आणि जीव तुटतो. दोन वर्षं चादर मिळाली नाही मला, आणि माझ्या इथं उणे तीस असतं!

होटगीरोडवाला
ती चादर यंदा मला पाहिजे, खरं सांगतो. म्हणून हे सगळं विचारलालो. बरं, आत्ता वही घेऊन बसलोय. जिंकलेल्या मॅचमध्ये तो 3 पॉइंटांवरून 6 वर गेला, मी होतो 6 वर, मी आलो 5 वर. एक गेला. सेव्ह टक्केवारीत तो 4 वरून 6 वर, मी होतो 5, आलो 4. दुसरा गेला. पण तिसरा कुठंय? बाकी त्याच्यात आणि माझ्यात काहीच हललं नाही.

पार्क चौक
विंगर कुणाकडं गेला? सातव्याकडं. तुम्ही त्याला विसरलाव. गोलात तो कुठं आहे आता?

होटगीरोडवाला
अरे देवा. तो 6 पॉइंटांवर होता, 8 वर गेला. मी 8 वरून 7. सापडला!

कडक भाकरी
म्हणजे पाळण्यात नव्हता पडला. माफ कर भावा.

पार्क चौक
ट्रेड करणारे दोघं, पण त्याचा धक्का सगळ्यांना बसतो. आपण नेहमी वरच्याकडंच बघत बसतो, खालचा सातवा आपल्याला कुठल्या एका कॅटेगरीत चिकटलाय ते बघत नाही. तो सातवा चादर जिंकणार नाही, पण तुमची चादर घालवू शकतो.

निळी रेघ
सेव्ह टक्केवारी तीन आठवड्यात दोन नंबर वर जाते यावर माझा विश्वास बसत नाही. सरासरी असते ती, जानेवारीत कशी हलेल? काहीतरी घोळ आहे.

रिपन हॉल
हलते की. नाताळपर्यंत त्याच्या गोलींनी समजा 1400 शॉट झेलायला घेतले आणि 1260 अडवले. म्हणजे 0.900. नवीन गोली तीन आठवड्यात 9 मॅच खेळला, मॅचला साधारण 28 शॉट, धरा 250. त्यातले 230 अडवले. आता 1650 पैकी 1490. 0.903. जुन्या गोलींचे याच काळातले शॉट धरले तर जरा कमी येईल, पण तीन हजारांशाच्या जवळपासच. आता मला सांगा, त्या तीन हजारांशाच्या पट्ट्यात किती टीम बसल्यात?

होटगीरोडवाला
चार. मीपण त्यातच.

निळी रेघ
बरोबर आहे, मान्य. मी हलणं किती ते बघत होतो, गर्दी किती ते बघितलं नाही.

एडमंटनकर सोलापूरकर
आता मी बोलतो, कारण वास्तवातल्या ट्रेडबद्दल कुणीच लिहिलं नाही आणि माझ्या गावाला तर त्याची जखमच आहे. 9 ऑगस्ट 1988. त्या दिवशी एडमंटननं वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला विकलं. बदल्यात दोन तरुण खेळाडू, नवीन खेळाडू निवडायच्या पहिल्या फेरीतल्या तीन निवडी आणि दीड कोटी डॉलर. इथले म्हातारे लोक अजून तो दिवस सांगताना आवाज खाली करतात. पण गंमत बघा, ग्रेट्स्की असताना एडमंटननं एनएचएलचे चार स्टॅनली कप जिंकले, 1984, 85, 87, 88, आणि तो गेल्यावर 1990 ला पाचवा जिंकला. ग्रेट्स्कीला नंतर एकपण मिळाला नाही, 1993 ला फायनलला जाऊन मॉन्ट्रियलकडून हरले. ज्यानं सगळ्यात मोठा खेळाडू दिला तो हरला, असा सरळ हिशोब ट्रेडमध्ये कधीच नसतो, खऱ्या हॉकीतपण नसतो.

रिपन हॉल
आणि खऱ्या ट्रेडनं आपल्या फँटसी टीमची वाट लागते ते? माझ्याकडं 2024-25 च्या सीझनला मिको रँटनन होता. कोलोराडोकडून 49 मॅचमध्ये 64 पॉइंट (खऱ्या हॉकीत गोल आणि असिस्ट मिळून पॉइंट धरतात), मी निवांत. 25 जानेवारीला सकाळी चहा घेत फोन उघडला तर गडी कॅरोलायनाला! आईनं विचारलं कोण गेलं रे, माझा चेहराच तसा झाला होता. तिथं 13 मॅचमध्ये फक्त 6 पॉइंट. माझे असिस्ट जागीच थांबले. मग 7 मार्चला त्याला परत विकला, डॅलसला, तिथं 20 मॅचमध्ये 18. खेळाडू एकच, हात तेच, फक्त बाजूला पास देणारे बदलले की आकडे बदलतात. मी मधल्या त्या सहा आठवड्यात तीन नंबर खाली आलो आणि कुणाबरोबर एकपण ट्रेड केला नव्हता.

जुना सेंटर हाफ
हे मात्र शंभर टक्के खरं. सेंटर हाफ बदलला की फॉरवर्ड आंधळा होतो. आमच्या वेळेला असंच व्हायचं.

निळी रेघ
उलटंपण होतं काका. 30 नोव्हेंबर 2005 ला बॉस्टननं जो थॉर्नटनला सॅन होजेला दिलं. त्या सीझनला त्यानं दोन्हीकडचे मिळून 125 पॉइंट केले, सगळ्यात जास्त, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानपण त्यालाच. पण खरी लॉटरी लागली ती जोनाथन चीचू ज्यांच्याकडं होता त्यांना. आधीच्या सीझनला 28 गोल मारणारा माणूस, थॉर्नटन शेजारी आला आणि 56! सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. होटगीरोडवाला काही न करता खाली आला, चीचूवाले काही न करता वर गेले.

हुरडा पार्टी
आपल्या लोकांपैकी कुणी खेळतं का तिकडं?

एडमंटनकर सोलापूरकर
पंजाबी वंशाचे खेळलेत. रॉबिन बावा 1989 ला खेळला, भारतीय वंशाचा पहिला. नंतर जुझार खैरा, मग व्हँकुव्हरकडून अर्शदीप बैन्स. कॅनडात पंजाबीत कॉमेंट्रीपण लागते. मराठीत कधी लागेल कोण जाणे, लागली तर मी फुकट करीन.

मावशी जुळे सोलापूर
मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिला की. ट्रेड अडवायचे का?

तानाबाना
अडवायचं कशाला? दोघांनी राजीखुशीनं सौदा केला, दोघांचापण फायदा झाला.

काळी पक
मी अडवण्याच्या बाजूचा आहे आणि कारण सांगतो. एका जुन्या लीगमध्ये मी होतो, नाव घेत नाही. तिथं फेब्रुवारीत दहाव्या नंबरवाल्यानं आपले दोन सगळ्यात चांगले खेळाडू आपल्या चुलतभावाला दिले, बदल्यात बाकावरचे दोघं. त्याचं काय जाणार होतं, तो दहावाच राहणार होता. चुलतभाऊ चौथ्यावरून पहिल्यावर. मी त्या सीझनला ऑक्टोबरपासून रोज पहाटे उठून टीम लावली होती, थंडीत गॅलरीत उभा राहून, आतला लाइट लावला तर पोरं उठतात म्हणून. दुसरा आलो. त्या दिवशी लीग सोडली, परत गेलो नाही. त्यामुळं आता मला कुणी म्हणलं राजीखुशीनं झालंय, तर मी विचारतो, देणाऱ्याला काय मिळालं?

पार्क चौक
तुमच्याशी जे झालं ते वाईटच, त्याला ट्रेड म्हणतच नाहीत. पण तुमच्याच प्रश्नानं इथला ट्रेड तपासा. देणाऱ्या सातव्याला काय मिळालं? गोलात दोन पॉइंट. त्याच्याकडं गोली तीन होते, एक जास्तच होता. त्यामुळं इथं अडवायला काही कारण दिसत नाही. आपला नंबर गेला म्हणून मत टाकून ट्रेड पाडायचा, हे मला पटत नाही.

काळी पक
हा ट्रेड ठीक आहे, मान्य. पण लीगमध्ये नियम लिहून ठेवा, शेवटच्या महिन्यात खालच्या टीमनी वरच्यांना खेळाडू देऊ नये. तोंडी काही ठेवू नका.

एडमंटनकर सोलापूरकर
एनएचएलची ट्रेडची मुदत मार्चच्या सुरुवातीला संपते. आपल्या लीगची त्याच्या एक आठवडा आधी ठेवतो आणि ग्रुपवर लिहून टाकतो. काळी पक, धन्यवाद.

कोपऱ्यातला
आमच्यात हेड-टू-हेड आहे, दर आठवड्याला एकाशी एक. तिथं हा 550 चा हिशोब चालत नाही. तिथं खेळाडू कुठल्या वारी खेळतो ते बघा. बहुतेक मॅच मंगळवार, गुरुवार, शनिवारी असतात, त्या दिवशी सगळ्यांचेच खेळाडू भरलेले, तुमचे दोन-तीन चांगले गडी बाकावर बसतात. सोमवारी, बुधवारी खेळणाऱ्या टीमचा साधा खेळाडू त्या आठवड्यात मोठ्या नावापेक्षा जास्त देऊन जातो. मी मागच्या वर्षी मोठं नाव देऊन दोन साधे घेतले, सगळे हसले. सेमीफायनलच्या आठवड्यात माझ्या टीमनं समोरच्यापेक्षा सात मॅच जास्त खेळल्या.

निळी रेघ
दोन देऊन एक घेण्याबद्दल माझं उलट मत आहे. मोठा खेळाडू ज्याच्याकडं येतो त्याच्या टीममध्ये एक जागा रिकामी होते, त्या जागेवर मोकळ्या यादीतला, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेला, कुणीतरी येतो. त्याला फुकटचा धरून चालायचं नाही, तोपण हिट आणि ब्लॉक देतो.

कोपऱ्यातला
रोटिसरीत बरोबर आहे तुमचं. माझ्याकडं आठवडाच सात दिवसांचा.

तानाबाना
होटगीरोडवाले, रडून झालं असेल तर तुमचं गोदाम दाखवा. कुठं माल पडून आहे?

होटगीरोडवाला
हिटमध्ये पहिला आहे. दुसऱ्यापेक्षा 140 नं पुढं. ते लिहितानाच मला कळलंय तुम्ही काय म्हणणार.

तानाबाना
आणि कुठं कमी पडलालाव?

होटगीरोडवाला
असिस्टमध्ये 5 पॉइंटांवर. वरचे तिघं माझ्यापेक्षा अनुक्रमे 4, 7 आणि 9 नं पुढं. जिंकलेल्या मॅचमध्ये वरचा फक्त 1 नं पुढं.

पार्क चौक
असिस्टमध्ये तीन पॉइंट 9 असिस्टच्या आत पडलेत आणि तुम्ही 140 हिट उशाला घेऊन झोपलाव! धडका मारणारा एक द्या, पास देणारा डिफेन्समन घ्या. फक्त एक बघा, हिट घेणारा माणूस असा शोधा की जो वर चढला तर तुमच्या खालचा पडेल असं नाही, तर त्या 76 वाल्याचा पॉइंट जाईल. तो हिटमध्ये कुठं आहे?

होटगीरोडवाला
7 पॉइंटांवर. आठव्या नंबरचा टीमवाला 6 वर, फक्त 12 हिट मागं. आणि त्याच्याकडं दोन पास देणारे डिफेन्समन आहेत.

तानाबाना
मग अजून इथं काय करलालाव?

होटगीरोडवाला
रात्री साडेअकराला त्याला फोन केला, तो अशोक चौकात राहतो, झोपला होता. म्हणला सकाळी बघू. पाच वाजता परत मेसेज टाकला. साडेपाचला पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं स्वीकारलं त्यानं. वहीत तारीख टाकलीय. कमिशनर दादा, पास कर.

एडमंटनकर सोलापूरकर
दोघांचं तपासलं. त्याला हिटमध्ये एक तरी मिळणार, तुला असिस्ट मिळणार. पास केला.

काळी पक
मलापण चालतंय हे. शुभेच्छा.

होटगीरोडवाला
नवीन डिफेन्समन पहिल्याच मॅचला दोन असिस्ट! एक पॉवरप्लेवर! आई चहा आणून ठेवून गेली, गार झाला, परत गरम करून आणला तिनं. असिस्टमध्ये वरच्याच्या मागं आता 2 च.

मावशी जुळे सोलापूर
आईला आधी थँक्यू म्हण रे बाबा. आणि मंगळवारी तुझे गोली कोण खेळतायत ते आजच बघून ठेव, जिंकलेल्या मॅचमध्ये एकच तर कमी आहे.